तहानेच्या कुंड्या

बाई आधी ज्वारीच्या पानाला हात लावायच्या, मग माणसाशी बोलायच्या. पान दोन बोटांत धरायचं, उलटं करून गालाला लावायचं आणि स्वतःलाच विचारायचं, "निरोप गेला का?" मी समोर नमस्कार करून उभा आणि यांची पानाची चौकशी चाललेली. राग यायचा हो. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेलच.

उदगीरच्या आमच्या कॉलेजात त्या वनस्पतिशास्त्र शिकवायच्या, तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास तेवढाच पगार, आणि उन्हाळ्यात घरी. मी शेजारच्या खोलीतला रसायनशास्त्राचा मास्तर. त्यांच्या विषयाची कायम जागा निघणार होती, पण तिला पीएचडी हवी होती, आणि बाईंच्या नोंदणीची वाढवून घेतलेली मुदत त्याच उन्हाळ्यात संपत होती. हातात रब्बीचा एकच हंगाम. तोही असला, की नळाला पाणी कधी येईल ते कुणी सांगू शकत नव्हतं.

आपला विषय त्यांनी मला जिन्यात उभं राहून समजावला. "सर, माती सुकली की झाडात एक संप्रेरक वाढतं. ते पानातल्या पेशीपर्यंत जातं. पेशीच्या आत एक प्रथिन दुसऱ्याला सांगतं, दुसरं तिसऱ्याला, असा निरोप केंद्रकात पोचतो. तिथं एक नियामक प्रथिन डीएनएवर आपल्या ठरलेल्या जागी जाऊन बसतं, आणि इतके दिवस गप्प असलेलं जनुक कामाला लागतं. मग झाड पाणी जपायला लागतं." आपल्या गावरान ज्वारीत हे जनुक कधी आणि किती जागं होतं, एवढंच त्यांना मोजायचं होतं.

"आणि निरोप आलाच नाही तर?"

"तर जनुक असून नसल्यासारखं. सगळं निरोपावर आहे, सर."

व्हरांड्याच्या टोकाला कुंड्यांच्या दोन रांगा होत्या. डावीकडच्या रांगेला रोज पाणी, उजवीकडच्या रांगेचं कणसं निघायच्या सुमाराला तोडलेलं. गावात घागरींच्या रांगा, आणि या बाई धडधाकट ज्वारीला पाणी घालतात, तहानलेलीला घालत नाहीत. येणारा-जाणारा बोलून जायचा. आमच्याकडं पेल्यात उरलेलं पाणी कुणी फेकत नाही, जवळच्या झाडाच्या बुडाशी ओततात. लहानपणापासून हाताला तेच वळण. म्हणून मी ठळक अक्षरांत पाटी लावली, 'या रांगेला पाणी घालू नये.' पाटी वाचून झाडलोट करणाऱ्या मावशी मला म्हणाल्या, "सर, असं लिहायला हात कसा धजला तुमचा?"

खरं तर कुंड्या रोज तोलायच्या असतात, म्हणजे मातीत पाणी किती उरलं ते कळतं. पण मोठा काटा दुसऱ्या कॉलेजनं परीक्षेसाठी नेला तो नेलाच. मी प्राचार्यांकडं खेटे घातले. "जरा दम धरा, उदगीर जिल्हा झाला की सगळं नवीन येईल." त्या वर्षी जे मागाल ते जिल्हा झाल्यावरच मिळणार होतं. माझं डोकं फिरायचं. बाई म्हणायच्या, "जाऊ द्या सर, पानावरून कळतं मला."

पानावरून कळलं ते असं, की उजवीकडची ज्वारीही टवटवीत. वरची माती तर भेगाळलेली. बाई हरखून गेल्या. "आपलं वाण लई चिवट हाय, सर." आनंदात त्यांची जळकोटची बोली बाहेर यायची. जनावरांच्या दवाखान्यातून द्रव नायट्रोजन मागून आणला, पानं त्यात गोठवली आणि नमुने हैदराबादच्या प्रयोगशाळेत पाठवले.

एका सोमवारी निकाल आला. दोन्ही रांगांत जनुक सारखंच गप्प. बाई संगणकाच्या पडद्याकडं बघत राहिल्या. "निरोप गेलाच नाही, सर. पण तहानच लागली नाही, असं कसं होईल?"

दर सोमवारी त्यांचे वडील जळकोटहून बसनं डबा घेऊन यायचे, आणि लेकीला प्यायला आपल्या विहिरीच्या पाण्याचा एक कॅन. बाई तासावर असल्या की आबा व्हरांड्यात बसून राहायचे. मी बाहेर आलो तर ते कुंड्यांजवळ उभे.

"जयभीम, सर. बघा कशी जगवली. पोरगी कॉलेजचं पाणी पुरवून वापरायली, म्हणून ही रांग सोडली तिनं. म्या आपल्या कॅनातलं घालायलो दर खेपेला. वरून न्हाई. काडीनं भोक पाडायचं, मुळाशी सोडायचं. थेंब वाया जात न्हाई."

"अहो, पाटी दिसली नाही का?" माझा आवाज चढलाच.

"ती कॉलेजच्या पाण्याची ना? हे तर आमचं हाय."

सगळं माझ्या ओठांवर आलं होतं. बाई दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडं पाहून नुसती नकाराची मान हलवली आणि वडिलांना म्हणाल्या, "लई चांगलं केलं, आबा. मला बी कळंना, कशी जगली म्हणून." आबांचा चेहरा असा फुलला की मला तिथं थांबवेना. खोलीत जाऊन धुमसत बसलो. ओरडावं तरी कुणावर, सांगा.

मुदत संपली. कायम जागेवर दुसरे गृहस्थ आले आणि बाई देगलूरला एका शाळेत विज्ञान शिकवायला गेल्या. जाताना म्हणाल्या, "आबांना सांगू नका, सर. त्यांनी पाणीच घातलंय, दुसरं काय केलं?" मला त्यांचा तेव्हाही राग आला, आणि रडूही.

रब्बीच्या पेरणीआधी आबा पुन्हा आले. "पोरगी म्हणली, इथल्या ज्वारीवर काम केलं म्हणून देगलूरची नोकरी लागली. त्या रांगेचं बी ठिवलंय का सर? लेकीच्या नावानं पेरतो म्हणतो."

मी कपाटातली कणसं काढून दिली. आबांनी एक कणीस तळहातावर चोळलं, फुंकर मारली आणि दाणे माझ्यासमोर धरले.

"दाणा कसा भरलाय बघा. तहान लागू दिली न्हाई म्या, एकदा बी."

"हाव आबा," मी म्हणालो. "नाही लागू दिली."