नळी माझी, शोध शैलाचा

शैला गेल्याचा फोन आला तेव्हा मी कॉलेजात तोंडी परीक्षा घेत होते. पुढच्या मुलीला आत बोलावलं, प्रश्न विचारला, आणि तिचं उत्तर मला ऐकूच आलं नाही. संध्याकाळी शैलाच्या घरी गेले तर जिन्यापर्यंत तिचे विद्यार्थी उभे, काही हमसून रडत होते. त्याही वेळी मनात आलं, माझ्यासाठी इतके येतील का... महिना उलटला, तो विचार अजून गेलेला नाही.

आम्ही दोघी सोलापुरात एकाच सरांकडे पीएच.डी. करत होतो. ती दुधनीची, घरी कन्नड, बाहेर गावाकडची मराठी. मी शहरातली, एम.एस्सी.ला पहिली आलेली. आमचं काम उंदरांवर. उंदराची मादी माजावर असली की नर जवळ येताच पाठ कमानीसारखी वाकवून त्याला होकार देते. हा होकार मेंदूतल्या सेरोटोनिन नावाच्या रसायनावरही अवलंबून असतो. रसायन एकच, पण ते पेशींवरच्या ज्या रिसेप्टरांवर, म्हणजे ग्राहकांवर, जाऊन बसतं त्यांचे प्रकार अनेक. एका प्रकाराने होकार दबतो, दुसऱ्याने टिकतो. दाबणाऱ्या रिसेप्टरला जागं करणारं औषध आम्ही दोघी देत होतो, अगदी थोडं. शैलाच्या माद्या ते घेऊनही होकार देत. माझ्या मात्र त्याच औषधावर नराला लाथा मारून हाकलत.

सरांना वाटलं, माझं प्रमाण चुकतंय. मला ते फार लागलं, कारण नेटकेपणा हाच माझा अभिमान. वजन अचूक यावं म्हणून मी मादीला थोडा वेळ अरुंद प्लॅस्टिकच्या नळीत ठेवायची, म्हणजे ती हलत नसे. शैला उघड्या डब्यातच वजन करायची. एक दिवस ती माझं काम बघत उभी राहिली. मग म्हणाली, "नळीत लई घाबरतीया गं ती. औषध आपलं सारखंच हाय, तुज्यात भ्या तेवढं जास्त हाय."

तिने तेच तपासलं. नुसत्या नळीने माद्या नकार देत नव्हत्या, नुसत्या तेवढ्याशा औषधानेही नाही. दोन्ही एकत्र आली की मात्र नकार देत. भीतीची जोड मिळाली की तो रिसेप्टर थोड्या औषधानेही होकार दाबतो, असं तिने मांडलं आणि तिचं नाव झालं. परदेशातून बोलावणी आली. तिच्या लेखात माझे आभार होते, एका ओळीत. मी कॉलेजात शिकवू लागले. तिच्या प्रत्येक यशाला अभिनंदनाचा पहिला फोन माझाच असे... दात आवळून केलेला.

शेवटची भेट दवाखान्यात. केमोने ती अगदी वाळली होती. म्हणाली, "तुज्या नळीनं माझं आयुष्य झालं की. तुला राग न्हाय आला कदी?"

"आला," मी म्हणाले. "अजून येतो."

"व्हय, मला ठावं होतं," असं म्हणून ती हसली आणि माझा हात धरून झोपी गेली. मला त्या झोपेचाही हेवा वाटला.

गेल्या आठवड्यात तिच्या विद्यार्थ्यांनी तिच्या अर्धवट राहिलेल्या प्रयोगासाठी मला तिच्या प्रयोगशाळेत बोलावलं. मोहोळची एक मुलगी, कन्नडचा गंधही नसलेली, पिंजरा उघडून "बा, बा" म्हणत होती. शैला माद्यांना कन्नडमधून असंच 'ये' म्हणायची, म्हणून आता तिथे सगळेच म्हणतात. मुलगी हात धुवायला गेली तेव्हा मीही वाकून हळूच म्हणाले, "बा."

एक मादी पुढे आली. माझी बोटं हुंगली, आणि परत कोपऱ्यात जाऊन बसली.