नव्या बर्फाचा उतार

आम्ही दोघं लातूरच्या एका क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवायचो. तो औशाकडच्या खेड्यातला. भूकंपात घर अंगावर पडलं, तेव्हा तो लहान होता. ढिगाऱ्यातून जिवंत निघाला. तेव्हापासून स्लॅबखाली त्याला नीट झोप यायची नाही. सुट्टी लागली की मला ओढत हिमाचलात न्यायचा. म्हणायचा, "तिथं डोक्यावर पडायला हाय काय?"

त्या वर्षी आम्ही पोचलो आणि सलग दोन दिवस बर्फ पडला. मग लख्ख ऊन. खिंडीकडं निघालो, तर पायाखाली धप्प असा आवाज होऊन आजूबाजूचा बर्फ खाली बसायचा. त्याचा अर्थ दोघांनाही माहीत होता. खालचा थर भुसभुशीत होता आणि नवा बर्फ त्यावर नुसता टेकला होता.

"मागं फिरू," मी म्हणालो.

"एवढा एकच तर उतार हाय. मी पलीकडं पोचलो की मगच तू निघ."

तो मध्यावर असताना त्याच्या वरच्या अंगाला एक चीर आडवी पळत गेली. अख्खा उतार चादरीसारखा सुटला. त्यानं एकदा माझ्याकडं पाहिलं. मग तो दिसेनासा झाला.

खाली त्याचा हातमोजा तेवढा वर होता. तिथं मी सॅकमधल्या पातेल्यानं खणलं. वाहताना पिठासारखा असलेला बर्फ थांबल्यावर सिमेंटसारखा आवळला होता. चेहरा हाती लागला, तेव्हा तोंडाभोवती त्याच्याच श्वासानं बर्फाची काच धरली होती.

त्याचे वडील शिंपीकाम करायचे. मी गावी जाऊन सांगितलं, ते सगळं त्यांनी मशीनवर बसून ऐकून घेतलं आणि विचारलं, "किती येळ खणलास?"

"अर्धा तास असंल, काका."

"मी पहाटंपासून दुपारपस्तोर खणत होतो. तवा निघाला."

"काका, मातीत फटी असतात. बर्फात हवा पुरत न्हाई."

"मी फटी बघून खणलं न्हाई," ते म्हणाले आणि मशीन चालवायला लागले.

पुढच्या आठवड्यात क्लासच्या मालकानं चौकात त्याच्या फोटोचा फ्लेक्स लावला. वर भावपूर्ण श्रद्धांजली, खाली नव्या बॅचचे प्रवेश सुरू. मी काढायला सांगितलं.

"पोरं त्याच्याच नावावर येतात, सर," तो म्हणाला. "राहू द्या प्रवेश संपेपर्यंत."

त्याच्या बॅचेस मला मिळाल्या.