घाटातला टिपका

नाशिकला फुलं घेणाऱ्या कंपनीच्या गेटवर टेम्पो लावला आणि फोन वाजला. नंबर शमीमआपाचा. मी नेहमीसारखं विचारलं, "आपा, जेवलात का?" पलीकडून तिचे भाऊ सलीमभाई बोलले, "विलास, आपा गेली रे..." मागे मोगऱ्याच्या पेट्या तशाच, आणि माझा पाय ब्रेकवरून निघेना.

जव्हारच्या बाजारात आपाचं फुलांचं दुकान. पाड्यापाड्यांवरून कळ्या तिच्याकडे यायच्या, मी त्या नाशिकला न्यायचो. कंपनीने अ‍ॅप दिलं तेव्हापासून किती माल निघाला, गाडी कुठवर आली, हे त्यांना बसल्या जागी दिसायला लागलं. आपालाही दिसायचं. नकाशावर माझी गाडी म्हणजे एक निळा टिपका. आपा घाटाला भयंकर भ्यायची. कधी जावंच लागलं तर डोळे गच्च मिटून, ओढणी तोंडात धरून. टिपका घाट पार करेपर्यंत ती जेवणाचा डबा उघडत नसे. मी चिडवायचो, "आपा, गाडी मी चालवतो आणि घाम तुम्हाला फुटतो." ती म्हणायची, "हस रे, हस. तू घाबरत नाहीस ना, म्हणून मला घाबरावं लागतं."

एकदा घाटात रेंज गेली आणि टिपका तिथेच अडकला. तिने कंपनीत फोन केला, तर म्हणे होतं असं, थोड्या वेळाने दिसेल. मी टपरीवर निवांत चहा पीत होतो, तर जीपमधून आपा उतरली. सगळा घाट डोळे उघडे ठेवून, प्रत्येक वळणाला दरीत बघत आलेली. मला पाहिलं आणि रस्त्यातच बसली. "टिपका हलेना रे... मला वाटलं, गेलास." त्या दिवशी मला चिडवता आलं नाही.

म्हणून ती गेल्यापासून मला एकच भीती खात होती. त्या दुपारीही घाटात रेंज नव्हती. तिला हृदयाचा झटका आला तेव्हा टिपका अडकलेलाच होता का? माझ्याच काळजीने तर... विचारायची हिंमत होईना. माल भरायचो आणि सलीमभाईंकडे न बघता निघायचो. घाटात आता मलाच घाम फुटतो. हात स्टिअरिंगवरून घसरतात, वळण संपलं तरी हॉर्न दाबून ठेवलेला असतो.

परवा मात्र राहवलं नाही. "भाई, त्या दिवशी आपा... जेवली होती का?"

त्यांना लगेच कळलं. ते मला आतल्या मोरीपाशी घेऊन गेले. तिथे तिचा डबा होता. त्या दुपारी तिने स्वतः घासून पालथा घातलेला, तसाच.