सहा सोमवारांची मुदत

मुरारच्या वाटेवरची सात बिघे जमीन माझ्या नावावर आहे. दरबारचा शिक्का असलेला पट्टा पेटीत आहे, आणि त्यावर आजवर कुणी हरकत घेतलेली नाही. नात्यातल्या बायका मला नशीबवान म्हणतात. म्हणोत.

माझे वडील दरबारच्या कचेरीत कारकून होते. बरीच वर्षं चोख नोकरी केल्याबद्दल सरकारातून त्यांना ही जमीन मिळाली. सरकारनं दिली खरी, पण ती मोकळी नव्हती. एक काछी कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या तिथं भाजीपाला पिकवत होतं. विहीर त्यांच्या पणजोबानं खणलेली, बांधावरची लिंबं त्यांनी लावलेली. कागद मात्र चिठोराही नव्हता. तहसिलीत निकाल बाबांच्या बाजूनं लागला, तरी ती माणसं हलेनात. शिपाई नेऊन त्यांना हुसकावणं बाबांच्या जिवावर येत होतं. स्वभावानं ते वाईट नव्हते, हे मला आधीच सांगून टाकायचंय, कारण पुढचं ऐकून तसं वाटेल.

एक दिवस त्या घरातली म्हातारी काठी टेकत आमच्या दाना ओळीतल्या घरी आली. ओट्यावर बसली आणि म्हणाली, कागद सरकारचा, तो आम्हाला वाचता येत नाही. तुम्ही गंगाजली उचला. गंगेच्या पाण्याचा बंद तांब्याचा गडू हातात धरून जमीन आपली आहे असं म्हणायचं, आणि मग सहा सोमवार वाट पाहायची. तेवढ्यात शपथ घेणाऱ्याच्या घरात मृत्यू झाला नाही, तर तो खरा. आम्ही मुकाट्यानं उठून जाऊ. झाला, तर जमीन आमची.

बाबा लगेच तयार झाले. हातात पट्टा असताना खोटं बोलण्याचा प्रश्नच कुठं येतो, असं त्यांचं म्हणणं. आईचा जीव मात्र खालीवर झाला. मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेले, दिवस भरत आलेले. घरात पोटुशी पोर असताना शपथ घेऊ नये, असं ती दोनदा म्हणाली. बाबांनी देवळात जाऊन गडू उचलला.

मग म्हातारी दर सोमवारी सकाळी यायची. काठीची टकटक, मग एकच प्रश्न, "सब कुसल है?" आई आतून हो म्हणायची. तिच्या विचारण्यात खोट शोधायचा मी खूप प्रयत्न केला. ती आमच्या मरणाची वाट बघत होती, तिचा राग यायला हवा होता. पण ती खरोखरच खुशाली विचारायला आल्यासारखी विचारायची. पाचव्या सोमवारी बाळाचं रडणं तिच्या कानावर पडलं. मुलगा झाला होता, दोन दिवसांचा होता. ती गेली आणि दुपारी त्याच शेतातल्या शेपूची जुडी घेऊन परत आली. बाळंतिणीला दूध येतं म्हणून. आईनं ती शिजवली, मी खाल्ली.

गुरुवारी बाळ गेलं. ताप आला आणि दिवसभरात सगळं संपलं. बाबांनी त्याला स्वतःच्या उपरण्यात गुंडाळून नेलं. घरात मोठ्यानं रडायचं नाही, असं त्यांनी परत आल्यावर सांगितलं. शेजारी कळता कामा नये.

रविवारी ते माझ्या खोलीच्या उंबऱ्याशी येऊन बसले. कचेरीत बोलावं तसं सावकाश बोलत होते. म्हणाले, "लग्न झालेली मुलगी परगोत्री. तिचं मूल तिच्या सासरचं. आपल्या घरात मृत्यू झालेला नाही." आई भिंतीकडे तोंड करून बसली होती. माझं अंग दुधानं भिजलेलं, आणि बाबा मला माझं मूल कुणाचं ते समजावत होते.

दुसऱ्या दिवशी, सहाव्या सोमवारी, म्हातारी आली. बाबांनी सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं. तिला पुरुषाच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. ती माझ्या दाराबाहेर येऊन उभी राहिली. "बिटिया, तुम बता दो. सब कुसल है?"

मी म्हटलं, "हाँ अम्मा, सब कुसल है."

बाबांचा मला तेव्हा भयंकर राग आला होता. तरी मी तसं बोलले. कारण बाळ गेलं असं म्हटलं असतं, तर ते बाबांच्या शपथेनं गेलं असं ठरलं असतं. ते मला सोसलं नसतं.

आठवड्याभरात त्या लोकांनी झोपडी मोडली, उभा वाटाणा तसाच सोडला आणि गेले. बाबांनी ती जमीन मला चोळी-बांगडीसाठी म्हणून लिहून दिली. मी नको म्हटलं नाही. पुढं मला दोन मुलं झाली, धडधाकट. पण सोमवारी दारावर टकटक झाली की मी आतून दाराला पाठ लावून उभी राहायचे. कुणी सहज "कशी आहेस?" विचारलं तरी मी विषय बदलायचे. बाळाचा चेहरा आठवत नाही. तो प्रश्न मात्र ऐकू येतो, त्याच आवाजात.

बाबा गेल्यावर मी पट्टा पदराखाली घेऊन त्या घराचा शोध काढला. म्हातारी नव्हती. तिचा मुलगा दाल बाजाराच्या तोंडाशी भाजी घेऊन बसायचा. त्याच्यासमोर बसून मी सगळं सांगून टाकलं आणि कागद पुढे केला. त्यानं हात लावला नाही.

"अम्मा जानती थीं," तो म्हणाला. "घर में नौ दिन का बच्चा, और अँगना में एक पोतड़ा नहीं सूख रहा था." दोरीवर बाळाचं एकही दुपटं वाळत नव्हतं, हे आमच्यापैकी कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

मग त्या बोलल्या का नाहीत, मी विचारलं.

"बोलीं, माँ ने अपने मुँह से कह दिया. अब जमीन के लिए उससे कहलवाऊँ कि बच्चा मर गया?" त्यानं माठाच्या जुड्यांवर पाणी शिंपडलं. जमीन नकोच म्हणाला, अम्माचा शब्द मोडायचा नाही. मग म्हणाला, की त्या दिवशी घरी पोचल्यावर अम्मा विहिरीवर गेल्या आणि डोक्यावरून आंघोळ केली. कुणाच्या सुतकाची, असं घरच्यांनी विचारलं, तर म्हणाल्या, बिटियाच्या लल्लाची.

आमच्या घरात ती आंघोळ कुणीच केली नव्हती.