आईंचा डबा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुमची न् आमच्या आईंची, म्हणजे सासूबाईंची, कधी गाठ पडणार नाही — बघा, सुरुवातच किती भित्री!

मी शाळेत विज्ञान शिकवते. नववीच्या पोरांना व्होल्टेज शिकवून शिकवून घसा बसलाय माझा. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं 'माहीत नव्हतं' म्हणायची सोय नको.

माझ्या नणंदेनं, वन्संनी, अमेरिकेतून आईंसाठी फूड प्रोसेसर आणला. तो एकशे दहा व्होल्टवर चालणारा, आपल्याकडं दोनशे तीस. म्हणून सोबत ट्रान्सफॉर्मरचा एक जडशीळ डबा. आधी डबा, मग यंत्र — आईंनी हे इतकं मनावर घेतलं की दसऱ्याला डब्यालाही हळदकुंकू वाहिलं. दोन वर्षांत एकदाही चुकल्या नाहीत. तरी मी आपली दर वेळी, "आई, डबा लावलात ना?" काय तो तोरा!

त्या वर्षी महालक्ष्म्यांच्या जेवणाचा दिवस. पुरण शिजलेलं, आई आंघोळीला गेलेल्या. मी कपाटातून यंत्र काढलं. डबा उचलायचा — कंटाळा आला हो, नुसता कंटाळा! परदेशी प्लग आपल्या सॉकेटात बसवायची एक पिन वन्सं मागं विसरून गेल्या होत्या. ती लावली. बसली. बसली म्हणजे चालेल — वर्गात कुणी असं म्हणालं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं.

यंत्र किंचाळलं. दोन-तीन सेकंद. मग धूर, जळका वास, आणि एकदम गप्प. मी प्लग उपटला. आणि मग — मला अजून खरं वाटत नाही — माझे हात भराभर चालायला लागले. पिन पर्समध्ये. खिडकी उघडी. यंत्र पुसून पुन्हा कपाटात. वास झाकायला पुरण गॅसवर ठेवून मुद्दाम खाली लागू दिलं. इतकं डोकं मला कुठून सुचलं?

आई आल्या. नीट डबा लावला, यंत्र जोडलं, बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. "अगं बाई, माझ्या हातून गेलं का काय गं?"

संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर यंत्र बंद पडल्याचं कळल्यावर वन्सं चिडल्या. "काल चटणी वाटताना डबा लावायला विसरलीस ना आई?" आईंनी माझ्याकडं बघितलं. साक्षीला — माझ्याकडं! "लावला होता ना गं मी?"

लावला होता. काल चटणीच्या वेळी मी डोळ्यांनी बघितला होता.

"माझं लक्ष नव्हतं, आई."

मग वन्सं म्हणाल्या, वहिनी, आईचं विसरणं वाढलंय, लक्ष ठेवा. नवऱ्यानं डॉक्टरकडं नेलं. आज वार कोणता, शंभरातून सात गेले किती — आईंनी सगळी उत्तरं बरोबर दिली, पण दर उत्तरानंतर माझ्याकडं बघत होत्या. डॉक्टर म्हणाले, काही नाही, वयाचं आहे. आईंना ते पटलं नाही. माझं डोकं आता भरवशाचं राहिलं नाही, हे त्यांनी मनाशी पक्कं धरलं. त्याला तीन वर्षं झाली. कुठल्या बटणाला म्हणून हात लावत नाहीत. हळदकुंकवाचा डागही तसाच आहे डब्यावर.

काल दुपारी मी शाळेतून आले. लई ऊन होतं. आई बंद पंख्याखाली बसलेल्या, घामानं निथळत.

"मी लावू का गं पंखा? चुकणार नाय ना काही?"

मी काय म्हणाले असेन?

"थांबा आई, मीच लावते."