सोलापूरची चाल, वाघोलीची मंडळी

समोरच्या प्लॉटवर नव्या स्लॅबला पाणी मारत आहेत. सकाळी खिडकी उघडली की ओल्या सिमेंटचा वास घरात येतो. थोडा चुन्यासारखा, थोडा खडूसारखा, नाकात शिरला की जिभेवरही उतरणारा. बायको म्हणते, खिडकी लावा. मी लावत नाही. वाघोलीत राहायला आल्यापासून हा वास कधी पूर्णपणे गेलाच नाही, तो फक्त या बाजूचा त्या बाजूला सरकतो. आणि दर वेळी तो आला की मला एका अर्धवट इमारतीचे पार्किंग आठवते, तिथे खांबांच्या मधे अंथरलेल्या सतरंज्या आठवतात, आणि स्कूटरला किक मारता मारता गुणगुणणारे आमचे पहिले पाळकसाहेब आठवतात.

तेव्हा आमच्या इमारतीपलीकडे ज्वारी होती आणि ज्वारीपलीकडे काय आहे हे पाहायला कोणी जात नसे. पाणी टँकरने यायचे. शहरात घर परवडेना म्हणून जी कुटुंबे इथवर येऊन पोहोचली, त्यांत आम्ही काही ख्रिस्ती घरेही होतो; कोणी नगरकडचे, कोणी जालन्याचे, एकदोन घरे पुण्याच्या पेठांजवळची. एकमेकांना ओळखत नव्हतो. पाळकाची नेमणूक होते तेव्हा त्याला निदान एक चर्च मिळते, घंटा मिळते, राहायला आवारातले घर मिळते. आमच्या साहेबांना धड पत्ताही मिळाला नव्हता. शहरातले दगडी चर्च सोडून हे स्वतःहून इकडे आले, तेव्हा त्यांच्या बरोबरीच्या पाळकांनी त्यांची समजूत घातली होती म्हणे. हे मी ऐकले आहे. समोर घडलेले नाही, म्हणून तेवढेच सांगतो. मी पाहिले ते एवढे की ते आणि पाळकीणबाई भाड्याच्या दोन खोल्यांत आले, दारोदार सलाम करत फिरले, आणि रविवारी बांधकाम बंद असते तर खाली पार्किंगमध्ये बसू का, असे त्यांनी बिल्डरला सरळ जाऊन विचारले. तो आमच्या धर्माचा नव्हता. तो म्हणाला, बसा की, फक्त खिळे बघून बसा.

पहिल्या उपासनेत आम्ही एक जुने गीत काढले आणि पहिल्याच कडव्यात सगळ्यांचा अपघात झाला. गीतांच्या पुस्तकात शब्द असतात, चाल नसते. चाल ज्याने त्याने आपल्या गावाहून आणलेली. नगरवाले आपल्या ठसक्यात पुढे गेले, जालन्याचे लोक प्रत्येक ओळ दोनदा घेत मागे राहिले, आणि एका खांबापाशी बसलेल्या एकट्या मावशी वेगळ्याच, लांब पल्ल्याच्या चालीत गात होत्या. त्या सोलापूरच्या. ढोलकीवाल्याने थोडा वेळ सगळ्यांना न्याय द्यायचा प्रयत्न केला, मग हात मांडीवर ठेवले. पेठेतले एक गृहस्थ माझ्या कानाशी, पण आसपासच्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, “तीन चालींत गायलं म्हणजे भक्ती तिप्पट होत नाही, हे यांना कोणी तरी सांगा.” लोक हसले. मावशी हसल्या नाहीत. पुढच्या रविवारी त्या आल्या नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही.

माझी नोकरी आकड्यांची. मी पाळकसाहेबांना सरळ उपाय सुचवला की नगरची चाल येणारे सर्वांत जास्त आहेत, तीच सर्वांनी घ्यावी.

“मग सोलापूरकरांनी काय करायचं?” त्यांनी विचारले.

“साहेब, सोलापूरचं एकच घर आहे.”

“म्हणूनच विचारतोय.”

माझा हिशेब चुकला होता असे मला अजूनही वाटत नाही. पण त्यांनी मला स्कूटरवर मागे बसवले आणि आम्ही त्या एका घरी गेलो.

मावशींचे यजमान गिरणीतून निवृत्त झालेले. मुलाने दोघांना इकडे आणले आणि इथे आल्यावर काकांना अर्धांगवायू झाला. वाचा गेली होती, डावा हात तेवढा चालत होता. मावशींनी चहा ठेवला, पदराने हात पुसले, आणि साहेबांनी काही विचारायच्या आतच बोलल्या.

“रागावून बसले न्हाई वो साहेब. पर ह्यांचं काय खरं न्हाई आता. तिकडं असतो तर गल्लीभर मानसं जमली असती, आमच्या चालीत गायली असती. इथं कोन हाय आमचं? ह्यांच्या मातीवर मी एकटीच गाऊ काय?”

एखादे वचन सांगून दिलासा देता आला असता, आणि पाळकाकडून आपण तेच अपेक्षित करतो. साहेब मात्र खाटेशेजारी फरशीवर मांडी घालून बसले आणि म्हणाले, “मावशी, मला शिकवा.”

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. आमच्या साहेबांना गळा नव्हता. आवाज मोठा, मनापासूनचा, पण सूर त्याला लागत नसे. लागलाच तर टिकत नसे. मावशींनी ओळ म्हणावी, साहेबांनी ती म्हणावी, आणि दोन्ही ओळी शेजारीही राहू नयेत. काका पडल्या पडल्या खाटेच्या कडेवर बोटांनी ठेका धरत होते. साहेब चुकले की बोटे थांबत. तिसऱ्या ओळीला चाल खाली उतरायला हवी होती, आणि साहेब दर वेळी वर चढत. काकांची बोटे थांबली. पुन्हा तेच. शेवटी काकांच्या तोंडाची एक बाजू हलली. ते हसत होते, हे मावशींनी सांगितल्यावर मला कळले.

त्यानंतर साहेब कितीदा तिथे गेले याचा हिशेब माझ्याकडे नाही. पार्किंगमध्ये मात्र त्यांनी नवी रीत सुरू केली. प्रत्येक महिन्याला एका गावची चाल, आणि ती सर्वांनी शिकायची. पहिली पाळी सोलापूरची. कारण सांगितले नाही. नगरवाल्यांतला एक जण कुरकुरला, “साहेब, आमचीच बरी होती की. निदान सगळे एकदम संपवायचो तरी!” साहेब म्हणाले, “पुढच्या महिन्यात तुमची. तेव्हा जालनेकर कुरकुरतील, तुम्ही गायचं.” कौतुक करायचे म्हणून दोष झाकत नाही. त्यांचे प्रवचन लांबायचे, लहान मुले सतरंजीवरच झोपी जायची. मी त्यांना तसे सांगितलेही होते. त्यांनी आभार मानले आणि पुढच्या रविवारी प्रवचन आणखी लांबवले. पण तो पूर्ण महिना, ज्या माणसाला स्वतःला गाता येत नव्हते तो माणूस, लाज बाजूला ठेवून रोज आमच्यापुढे गात राहिला. कोणाच्या जिन्यात, कोणाच्या दुकानासमोर, टँकरच्या रांगेत. त्या गाण्याला हसायचे किती, शेवटी लोकांना शिकावेच लागले.

काका गेले ते आठवड्याच्या मधल्या वारी. दफन शहरातल्या जुन्या दफनभूमीत, म्हणजे इथून जायला यायला अर्धा दिवस. येणार कोण, हा प्रश्न मावशींनी विचारला नाही. त्यांच्या चेहऱ्यावर तो होता. आम्ही पोहोचलो तर पेठेतले गृहस्थ आधीच येऊन उभे होते, ऑफिसचा डबा हातात. मग नगरवाले आले. जालन्याची माणसे आली. शवपेटी खाली सोडली आणि साहेबांनी गीत काढले, सोलापूरच्या चालीत, आणि सगळ्या मंडळीने ते उचलले. मावशींचा आवाज त्यात होता आणि प्रथमच तो वेगळा ओळखू येत नव्हता. तिसऱ्या ओळीपर्यंत. तिथे मावशी खाली उतरल्या आणि आम्ही सारे, साहेबांकडून शिकलेलो, एकमुखाने वर चढलो. मावशींनी मान वर करून आमच्याकडे पाहिले. मग मूठभर माती टाकली.

रविवारी त्या आल्या, आणि आल्या त्या साहेबांना झापतच. “तिसऱ्या ओळीला चुकीवलंत वो साऱ्यास्नी.” साहेब म्हणाले, “मग आजपासून तुम्ही शिकवा.” त्यांनी शिकवले. बरेच रविवार शिकवले. पण आमच्या गळ्यांत ती ओळ बसली ती बसली. एके दिवशी त्यांनीच हात टेकले. “असू द्या. इथं असंच म्हनत्यात,” म्हणाल्या, आणि स्वतःही वर चढल्या.

पाळकाची बदली ठरलेलीच असते. साहेब काही वर्षांनी गेले, आता निवृत्त होऊन आपल्या गावी असतात. आमच्या मंडळीला छप्पर मिळाले, माइक मिळाला, ज्वारीच्या जागी टॉवर आले. माणसे येतात, फ्लॅट विकून पुढे जातात. इथे जन्मलेल्या मुलांना कुठले गाव विचारले तर ती वाघोली म्हणतात, आणि त्यांच्या आईवडिलांना थोडे नवल वाटते. गाव कशाने होते हे मला नेमके सांगता येणार नाही. रस्ता आणि पाणी आले की होत नाही, एवढे पाहिले आहे.

गेल्या वर्षी मावशीही गेल्या. सोलापूरहून त्यांचे नातेवाईक आले होते, चांगले गाणारे लोक. त्यांनी त्यांच्या चालीत गीत सुरू केले, आम्ही साथ दिली, आणि तिसऱ्या ओळीला आमची मंडळी वर चढली. पाहुण्यांनी वळून पाहिले. आम्ही चढतच राहिलो.