जपानी बाजारातलं हिरवं रेशीम

बायको माझ्याआधी गेली. सवाष्ण गेली, भाग्याची, असं लोक म्हणाले. लोकांचं काय जातं म्हणायला.

एकोणीसशे ऐंशीनंतरची गोष्ट. आम्ही सॅन फ्रान्सिस्कोला मुलाकडे होतो. मला कोऱ्या हिरव्या लुगड्यातच पाठवा, असं तिने कधीचं सांगून ठेवलं होतं. ते लुगडं गावी ट्रंकेत राहिलं. अमेरिकेला येताना मरणाचं सामान कोण बांधतं?

इंडियन साड्यांचं एकच दुकान, ते त्या दिवशी बंद. ओळखीच्या काकूंकडे कोऱ्या साड्या निघाल्या, पण हिरवी एकही नाही. फ्युनरल होमवाल्यांना, म्हणजे तिथे अंत्यविधीचं सगळं बघतात त्यांना, कपडे चारच्या आत हवे होते. सून म्हणाली, जपानी बाजारात रेशीम मिळतं, बघू या.

बाजार छताखालचा. एका अंगाला फॅशनची दुकानं, रुंद खांद्यांची जाकिटं घातलेल्या बाहुल्या. मुलाने तिथलंच एक हिरवं, टिकल्या लावलेलं झुळझुळीत कापड उचललं. मी म्हणालो, तुझी आई नाचायला निघालेली नाही. तो तोंड फिरवून उभा राहिला. मग म्हणाला, "बाबा, तीन वाजून गेले. जे मिळेल ते घेऊ. आईला आता काय कळणार आहे?"

"मला कळतं," मी म्हणालो.

दुसऱ्या अंगाला जुन्या चालीची दुकानं. चिनी मातीच्या वाट्या, कागदी पंखे, आणि एका फळीवर किमोनोच्या कापडाच्या गुंडाळ्या. त्यात एक हिरवी. चांगली गर्द, चुड्यासारखी, वर पांढरे बगळे विणलेले. उलगडली तर लांबी भरपूर, पण पन्हा खणाएवढाच. याचं लुगडं कसं होणार?

सून म्हणाली, तीन तुकडे करून जोडते, घरी मशीन आहे. मी नको म्हणालो. कोऱ्याला सुई लावायची नाही. तुकडे शेजारी शेजारी पसरू. निजलेल्या माणसाला निऱ्या लागत नाहीत.

दुकानाची म्हातारी हसून विचारती झाली, लग्नासाठी का? मुलाने माझ्याकडे पाहिलं. खरं सांगितलं आणि तिने अशुभ म्हणून दिलंच नाही तर? मी मान हलवली. येस, वेडिंग.

मग बाई लग्नाचं म्हणून कागदात बांधायला बसली. घडी मोडली की परत घालायची. वर लाल दोरा, त्याची गाठ, ती मनाजोगी होईना म्हणून सोडली, पुन्हा बांधली. मुलगा सारखा घड्याळ बघत होता. मी त्याचं मनगट धरून ठेवलं. शेवटी तिने दोन्ही हातांनी पुडकं पुढे केलं आणि कमरेत वाकली. मीही वाकलो.

चारला जेमतेम पोचलो. लाल दोरा मुलानेच सोडला, कापडाचे तीन तुकडे करून तिच्यावर पसरले. मधल्या तुकड्याची सुरकुती हाताने काढत काढत तो पायांपर्यंत गेला, आणि तिथेच खाली बसला. हिरवं तिला पुरलं.